मिठाच्या पाण्याची वाटी

आंबिया बहार तोडणीला आला की आमच्या सौंसरच्या घरात एक वास येतो. संत्र्याचा म्हणत नाही मी. तो तर येतोच. अंगणात पेट्या ठोकल्या जातात, धानाचा पेंढा पसरलेला असतो, आणि महिनाभर जेवणाच्या घासालासुद्धा सालीचा कडसर वास असतो. मी सांगतो तो दुसरा. जळलेल्या तारेचा. तो फक्त मलाच येतो. बायकोनं माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून दोनदा घराचं सगळं वायरिंग तपासून घेतलं. मिस्त्री म्हणाला, काका, काहीच नाही. मी म्हटलं, बरं बापा, नसेल. कार्तिक सरता सरता तो वास येतो आणि शेवटचा ट्रक गेला की जातो. चाळीस वर्षं होत आली, आता त्याच्याशी माझं भांडण नाही.

यंदा मात्र त्यानं छळलं. त्याचं असं झालं की आमचे चिरंजीव अनुप दिवाळीला आले ते अजून परत गेले नाहीत. कंपनी म्हणे घरूनच काम करू देते. काम किती करतो देव जाणे, पण त्याचा गेम खेळायचा कंप्युटर त्यानं दिवाणावर उघडा करून ठेवला आहे आणि कुरियरवाला रोज एक खोकं आणून देतो. कंप्युटर नवा घेत नाही, जुन्यातच नवे भाग घालून तो तगडा करायचा आहे. मी शेजारी बसून पाहतो. हा बोर्ड त्या प्रोसेसरला चालत नाही, ही मेमरी त्या बोर्डाला चालत नाही, चित्रांचं कार्ड चालतं पण पेटीत मावत नाही, मावलं तर त्याला वीज पुरत नाही. कोणाला कोण चालतं याची तो तासन्‌तास यादी जुळवतो. आमच्या लग्नात एवढं कोणी पाहिलं नव्हतं, असं मी बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, पाहायला पाहिजे होतं.

परवा कंप्युटरला वीज पुरवणारा नवा डबा आला. त्याच्यासोबत त्याच्या स्वतःच्या वायरी आल्या होत्या, आणि जुन्या डब्याच्या वायरी आत तशाच छान बांधलेल्या होत्या. मी आपला जुन्या वळणाचा माणूस. म्हटलं, अरे, जुनीच वायर राहू दे ना, बसून राहिली तर काढतोस कशाला. अनुपनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि मला समजावलं, लहान पोराला समजावतात तसं. "पप्पा, बसते म्हणून चालते असं नसते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण आतमध्ये प्लस-मायनस वेगळं असते. लावली तर सगळं जळन."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी तिथंच ठेवला आणि अंगणात आलो. मजूर बाया फळं निवडत बसल्या होत्या. मोठं इकडे, मधलं तिकडे, डाग असलेलं मागे. एकीनं विचारलं, काय झालं जी? मी म्हटलं, काही नाही, आत गरम होऊन राहिलं. थंडी एवढी होती की तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

त्या वर्षीही अशीच थंडी होती. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी बावीसचा, माझी बहीण कुंदा एकोणीसची. बाबांचा संत्र्याचा धंदा. घरची बाग होतीच, शिवाय रामाकोन्यापर्यंतच्या बागा ते उभ्या, फळ झाडावर असतानाच, विकत घ्यायचे. बाबांची नजर ही आमच्या घराची खरी इस्टेट होती. झाडाखाली उभे राहायचे, मान वर करून एकदा पाहायचे आणि सांगायचे, इतक्या पेट्या निघतील. निघायच्याच. फळ तळहातावर घेत, दाबत नसत, नुसतं तोलत. आत रस किती, साल किती, दिल्लीपर्यंत टिकेल की नागपुरातच खपवावं लागेल, सगळं त्यांना त्या तळहातात कळायचं. मलाही त्यांनी तेच शिकवलं. आमच्या धंद्यात एक रीत होती, कोणी बोलून न दाखवलेली पण सगळ्यांनी पाळलेली. कागद मुनीमजीच्या हातात असतो, मालकाच्या हातात फळ असते. बाजारात उभं राहून जो खिशातून चिठ्ठी काढून पाहतो, त्याला माल कळत नाही असं समजायचं. तसल्या माणसाला बाजार हसायचा. मीही हसलो आहे.

कुंदा उलट्या घडणीची होती. ती प्रत्येक वस्तूवर काय लिहिलं आहे ते वाचायची. रेडिओच्या पाठीवरचं, इस्त्रीच्या बुडाचं, बल्बच्या टोपीवरचं. बाबांनी पांढुर्ण्याच्या स्टेशनवरून तिला एकदा रेडिओ दुरुस्तीचं हिंदी पुस्तक आणून दिलं होतं, गंमत म्हणून. तिनं ते इतकं वाचलं की पानं सुटून आली. आई म्हणायची, पोरगी पोथी वाचल्यासारखी वाचून राहिली.

तेव्हा आमच्याकडे काळ्यापांढऱ्या चित्राचा टीव्ही नवा आला होता. छपरावर उंच पाईप, त्यावर अँटेना, आणि दूरवरचं नागपूर त्यातून कसंबसं दिसायचं. पण प्रत्येक माणसाच्या बाजूला त्याचीच एक फिकट सावली असायची. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या मागं दुसरी तशीच बाई, तीही तेच बोलायची. आईला ते आवडायचं नाही. ती पदर तोंडाला लावून विचारायची, मागची कोण होय? कुंदानं पुस्तकातून शोधून काढलं की अँटेनाची तार आणि टीव्हीचं तोंड एकमेकांना मानवत नाही, म्हणून चित्र परत फिरून येतं. तिनं बारीक तारेचे वेढे देऊन एक चिमुकली गुंडाळी केली, दोघांच्या मध्ये जोडली आणि ती मागची बाई निघून गेली. बाबांनी गल्लीतली माणसं बोलावून आणली. कोणाला दोष दिसत नव्हता, आणि बाबांना तर पोरीचं किती सांगू असं झालं होतं.

दसऱ्याला नागपूरचे मामा आले ते एक डबा घेऊन. मामा रेल्वेत होते. त्यांच्या सोबतच्या कोणाच्या तरी घरी तो परदेशातून आला होता, आणि बिघडला म्हणून पडून होता. टीव्हीवर खेळायचा खेळ. दोन कडेला दोन पांढऱ्या पट्ट्या, मध्ये एक ठिपका. ठिपका म्हणजे चेंडू. मुठीएवढ्या दोन पेट्यांवरची बटणं फिरवली की पट्ट्या वरखाली व्हायच्या. आज अनुपला सांगितलं तर तो पोट धरून हसतो. पण त्या दिवसापर्यंत टीव्ही म्हणजे समोर बसून बघायची वस्तू होती. आपण हात हलवावा आणि पडद्यावर काही हलावं, हे आमच्या घरात कोणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

कुंदानं तो डबा दुरुस्त केलाच, वर सुधारायला घेतला. चित्र घसरत होतं ते तिनं टीव्हीच्या मागचं बटण फिरवून थांबवलं. फिरवायची बटणं झिजली होती, पट्टी मध्येच उडी मारायची. तिनं जुन्या रेडिओतली आवाजाची बटणं काढून तिथं बसवली. पहिली चालली नाहीत, दुसरी चालली नाहीत. मी म्हटलं, सगळी सारखीच तर आहेत. ती म्हणाली, दिसाले सारखी आहेत, पाठीवरचा आकडा पाह्य. तिसरी चालली. एकच अडचण उरली. डब्याला सहा सेल लागायचे आणि तासाभरात ते बसायचे. त्याला भिंतीच्या विजेवर चालवणारा अडॅप्टर पाहिजे होता.

सेल नवे होते त्या संध्याकाळी बाबा खेळले ते मला अजून दिसतं. दिवसभर बागेत राहून आले होते, हाताला सालीचं तेल, त्यामुळं बटण निसटायचं. कुंदा समोर. ठिपका इकडून तिकडे, प्रत्येक टोल्याला टक् असा आवाज. बाबा हरले. म्हणाले, माझी पट्टी आखूड आहे. बटणं बदलून खेळले, पुन्हा हरले. आई दाराशी उभी राहून एवढी हसली की भाजी करपली. तो करपल्याचा वास चांगला होता.

मामांनी जाताना बाबांच्या कानावर घातलं होतं की नागपुरात मुलींसाठी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा सरकारी कोर्स आहे, पोरगी आमच्याकडे राहील. कुंदानं फॉर्म मागवून घेतला. तिला एवढंच पाहिजे होतं. दागिना नको, साडी नको, त्या कागदावर बाबांची सही. आईचा विरोध उघड होता, पोरीच्या जातीनं हातात पेचकस-पाना घेऊन काय करायचं? बाबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. फॉर्म देवाच्या फोटोमागं खोचलेला राहिला. मग एक दिवस जेवताना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. शेवटचा ट्रक रवाना झाला की दरवर्षी दुपारी व्यापारी मंडळी घरी जेवायला असतात. त्यांच्यासमोर हा डबा भिंतीच्या विजेवर चालवून दाखव, मध्येच बंद पडायला नको. चालला तर त्याच पंगतीत सही करतो.

मला तेव्हा वाटलं, बाबा अट घालून राहिले. आता मी त्यांच्या वयाचा झालो तेव्हा कळतं, ते स्वतःसाठी आधार शोधत होते. चार लोकांनी पोरीचा हात पाहिला की मग पोरगी नागपूरला का धाडली म्हणून कोणी विचारणार नव्हतं. त्यांना सही करायचीच होती हो. हे मला जितकं कळत जातं तितकं जास्त लागतं.

मधेच सांगतो. कुंदा आता मोहगावला असते. त्या हंगामानंतरच्या वैशाखात तिथं दिली. घर चांगलं, शेती चांगली, जावई म्हणजे सोन्यासारखा माणूस. पण जावईबापू एक थट्टा नेहमी करतात, म्हणतात, आमच्या घरी लाइनचं काम निघालं की ही पहिले अंगणात जाते. बल्ब गेला तर शेजारचा पोरगा येतो तोवर ती अंधारात बसते. इस्त्रीची पिन दुसऱ्यानं लावून द्यायची. मिक्सर घेऊन दिला तर सहा महिने खोक्यात होता. सगळे हसतात. कुंदाही हसते, आणि हसताना हात पदराखाली घेते. मी त्या वेळी ताटात पाहतो. मला माहीत आहे ना, बटणाच्या पाठीवरचा आकडा वाचणारे हात आहेत ते.

तर शेवटच्या ट्रकाच्या आदल्या दिवशी मी माल घेऊन नागपूरला गेलो. येताना तो अडॅप्टर आणायचा होता. निघताना कुंदानं दोन वस्तू दिल्या. एक रिकामं सॉकेट, डब्याला होतं तसंच, पिन बसते का हे पाहायला. आणि एक चिठ्ठी. त्यावर नुसतं लिहिलं नव्हतं, चित्रही काढलं होतं. एक गोल, त्यात ठिपका, ठिपक्याकडे बाण आणि बाणावर उण्याची खूण. मला अंगणाच्या फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "दादा, नऊ व्होल्टचा तर कुठंही भेटन. पण मधातलं टोक मायनस आहे का, हे विचारजो. विचारल्याबिगर आणू नको." मी म्हटलं, हो बाई, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरातच, बर्डीच्या बाजारातल्या एका रेडिओच्या दुकानात माझ्यामागं सात-आठ माणसं उभी होती. दुकानदारानं अडॅप्टर काढला. व्होल्ट मी बरोबर सांगितले. त्यानं विचारलं, मधात प्लस पाहिजे की मायनस? माझा हात खिशाकडे गेला. चिठ्ठी बोटाला लागली. आणि मी ती काढली नाही.

काहून काढली नाही? चाळीस वर्षं हाच प्रश्न आहे आणि उत्तर एवढंसं आहे की सांगायची लाज वाटते. मागं माणसं उभी होती. मी संत्र्याच्या घरातला पोरगा, आदल्याच दिवशी मोठमोठ्या दलालांसमोर हातात फळ तोलून भाव फोडून आलेलो, आणि आता लहान बहिणीनं काढून दिलेलं चित्र सगळ्यांसमोर उघडून वाचू? मी सॉकेट काढलं, अडॅप्टरची पिन त्यात घालून पाहिली. घट्ट बसली. तळहातावर तोलला, वजनदार होता. म्हटलं, माल चांगला आहे, हाच द्या. दुकानदारानं पुन्हा विचारलं नाही. त्याला वाटलं असेल, माणूस जाणकार दिसतो.

चिठ्ठी मी बसमध्ये उघडली. वाटेत सावनेर आलं होतं, बस उभी होती, खाली भजी तळून राहिले होते. तो गोल, तो ठिपका, ती उण्याची आडवी रेघ. उतरून परत जाता आलं असतं. दुपारच्या जेवणाला उशीर झाला असता, बाबा बोलले असते, एवढंच. मी मनाशी हिशेब मांडला की दोनच तर प्रकार असतात, हा बरोबर असायलाही तेवढाच वाव आहे. आणि पिन एवढी घट्ट बसते म्हणजे तोच असणार. चुकीची गोष्ट एवढी नेमकी बसेल कशी? बस सुटली. मी चिठ्ठीची बारीक घडी केली आणि खिडकीतून सोडून दिली.

घरी पोचलो तेव्हा मंडळी येऊन बसली होती. चारजण, त्यातले एक वरुडकडचे जुने भागीदार. पंगतीची तयारी, अंगणात सतरंजी, टीव्ही उचलून ओसरीवर आणलेला. कुंदा निळ्या साडीत, केस घट्ट बांधलेले. तिनं अडॅप्टर हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. त्यावर व्होल्ट लिहिले होते, बाकी काही नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन आली. त्यात मीठ घातलं, बोटानं ढवळलं. पुस्तकातली युक्ती होती ती. अडॅप्टरच्या दोन टोकांना दोन तारा लावायच्या, दोन्ही मिठाच्या पाण्यात सोडायच्या, जिच्याजवळ जास्त बुडबुडे उठतील ती मायनस. दोन मिनिटांचं काम.

"कायले ते?" मी विचारलं.

"पाहून घेते एकदा. तू विचारलं होतं ना?"

"विचारलं म्हणून तर आणला."

"मधात मायनस म्हणाला तो?"

"हो म्हणतो ना. विश्वास नाही का माझ्यावर?"

ती माझ्याकडे पाहत होती. तिकडून बाबांनी हाक मारली, चाल वो बाई, मंडळी खोळंबली. मी हसत ती वाटी उचलली आणि मोरीत ओतून दिली. तीही हसली. म्हणाली, बरं, तू विचारलं म्हणतो तर झालं.

तिनं पिन लावली, भिंतीवरचं बटण दाबलं. पडद्यावर काही आलं नाही. डब्याच्या फटीतून दोऱ्याएवढा धूर निघाला, सरळ वर गेला, आणि तो वास आला. कोणी ओरडलं नाही. कुंदानं बटण बंद केलं, पिन काढली, पुन्हा सेल घातले. सेलवरही काही नाही. तिनं डबा उघडून आत पाहिलं आणि झाकला. पाहुणे भली माणसं होती. एक म्हणाले, आपल्याइकडे लाइनच धड नाही. दुसरे म्हणाले, बाहेरच्या देशाचा माल, आपल्याकडे टिकत नाही. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाले, राहू दे बाई, नाही जमलं तर नाही जमलं. चला, पानं वाढा.

त्या पंगतीत मी पोटभर जेवलो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुरणपोळी होती, मी तूप मागून घेतलं.

संध्याकाळी कुंदा मागच्या ओट्यावर बसली होती. स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहत होती. मला म्हणाली, माझ्याच्यानंच आतमध्ये काही उलटं जोडलं गेलं असन, दादा, ते बटणं बसवताना. तू तर बरोबरच आणला. त्या वेळी तोंड उघडायला किती वेळ लागला असता? मी खिशातलं संत्रं सोललं, अर्धं तिला दिलं. तिनं घेतलं. खाल्लं नाही, हातातच ठेवलं. फॉर्मची तारीख निघून गेली. देवाच्या फोटोमागून तो कागद कोणी काढला, मला माहीत नाही.

नंतर सांगू, असं मी किती वर्षं म्हटलं याची मोजदाद नाही. तिचं लग्न ठरलं तेव्हा सांगणार होतो. पहिलं लेकरू झालं तेव्हा सांगणार होतो. मग असं वाटायला लागलं की ती सुखात आहे, कशाला उकरायचं. हे मनाला पटवणं फार सोपं असतं. ती माहेरी येऊन आनंदानं हिंडायची, भाच्याचे लाड करायची, पण घरातलं बटण दाबायची वेळ आली की हाक मारायची, दादा, जरा लावून दे. मी लावून द्यायचो. प्रत्येक वेळी नाकात तो वास.

बाबांच्या शेवटच्या दिवसांत एकदा त्यांचा रेडिओ बंद पडला. ते खाटेवर, कुंदा पायथ्याशी. मी म्हटलं, कुंदा आहे ना, पाहील ती. मला वाटलं, देवानं एक संधी दिली. बाबा थकलेल्या आवाजात, अगदी मायेनं म्हणाले, "तिले नको त्रास देऊ. तिच्याच्यानं नाही होत ते." कुंदानं मान हलवली. खरं आहे बाबा, म्हणाली. बोलायला ओठ उघडले होते मी. मग म्हटलं, म्हाताऱ्याला आता कशाला. मिस्त्रीला बोलावलं. एक तार निघाली होती, एवढंच. आठ दिवसांनी बाबा गेले.

अनुप ते वायरीचं बोलला त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. बायकोनं विचारलं, सांगितलं नाही. आज सकाळी उठून मोहगावची बस धरली. संत्री नेली नाहीत. दरवर्षी पहिली पिशवी बहिणीची असते, पण हात होईना.

कुंदा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. जावईबापू वावरात. मला पाहून उठली, पाणी आणलं, म्हणाली, वांग्याची भाजी टाकते, भाकरी थापते, बस. मी म्हटलं, आधी ऐक. आणि उभ्याउभ्याच सांगितलं. दुकान, चिठ्ठी, सावनेर, खिडकी. काही गाळलं नाही. तिचे हात शेंगा सोलत राहिले आणि मग थांबले.

"उलटा होता?" तिनं विचारलं.

"हो."

"तू विचारलंच नव्हतं."

"नाही."

एक शेंग तिच्या हातात तशीच राहिली. मला वाटलं होतं रडेल, शिव्या देईल, हसेलसुद्धा. जुनी गोष्ट, जाऊ दे दादा, असं म्हणेल अशी आशाही होती. खोटं कशाला बोलू, त्या आशेवरच मी आलो होतो.

"म्हणजे मी जोडलं ते बरोबर होतं," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. "अन् बाबा तर माझ्याच्यानं होत नाही असंच समजून गेले."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"त्याइले आता कोण सांगन?"

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, पदर झटकला, आणि माझा पाण्याचा पेला उचलून घेतला. चाळीस वर्षांत या घरातून तिनं मला कधी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. भांडण असो, दुखणं असो, एकदा तर घरात सुतक असताना शेजारून ताट आणून वाढलं होतं.

"आज जेवायले थांबू नको, दादा," ती म्हणाली आणि आत गेली.

मी चपला घातल्या.